विरोधकाचे यश

निवडणूक संपते, निकाल लागतो आणि ज्याच्या विरुद्ध आपण मत दिले तोच गादीवर येऊन बसतो. अशा वेळी साध्या नागरिकाने मनात काय इच्छावे? त्याचा कारभार फसावा आणि पुढच्या निवडणुकीत त्याची फजिती व्हावी, की त्याच्या हातून काम नीट पार पडावे आणि त्यायोगे आपल्या नावडत्या पक्षाचे बस्तान अधिकच पक्के व्हावे? ज्या घरांत राजकारण पानाच्या डाव्या बाजूला चटणीसारखे वाढलेले असते, आणि आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत ते असतेच, तेथे हा प्रश्न बहुधा रागाच्या भरात सोडविला जातो.

मला या संदर्भात १९९१ साल आठवते. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. २१ जून रोजी पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. लोकसभेत त्यांच्या पक्षाला बहुमत नव्हते आणि ते स्वतः तर संसदेच्या कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. घटनेप्रमाणे सहा महिन्यांच्या आत त्यांना निवडून येणे भाग होते. कर्नूल जिल्ह्यातील नंद्याळची जागा त्यांच्यासाठी रिकामी झाली. आणि तेलुगू देसमचे अध्यक्ष एन. टी. रामाराव यांनी तेथे आपला उमेदवार उभा न करण्याचे ठरविले. एक तेलुगू माणूस प्रथमच पंतप्रधानपदी बसला आहे, त्याची वाट अडवावयाची नाही, ही त्यांची भूमिका होती.

हे औदार्य कोणाशी चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. काँग्रेसविरोध हाच रामारावांच्या पक्षाचा जन्महेतू. १९८४ च्या १६ ऑगस्टला, हृदयशस्त्रक्रिया करून घेऊन ते नुकतेच अमेरिकेहून परतलेले असताना, राज्यपालांनी त्यांचे सरकार बडतर्फ केले. लोकक्षोभ इतका उसळला की महिन्याभरातच, १६ सप्टेंबरला, त्यांना पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसवावे लागले. त्या काळात केंद्रात गृहमंत्री कोण होते? पी. व्ही. नरसिंह रावच! म्हणजे जुना हिशेब चुकता करावयाची संधी नंद्याळात आयती चालून आली होती.

निवडणूक बिनविरोध मात्र झाली नाही. भारतीय जनता पक्षाने बंगारू लक्ष्मण यांना उभे केले, आणि त्यातही काही गैर नव्हते; लढत देणे हा काही अपराध नव्हे. नरसिंह राव साडेपाच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

आता, रामारावांचा तेलुगू अभिमान आपण समजू शकतो, कारण तसलाच एक अभिमान त्या दिवसांत आपल्याही घरांतून नांदत होता. हा गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेला, नागपुरास कायदा केलेला, रामटेकहून दोनदा लोकसभेवर गेलेला. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याने तेलुगूत नेलेली! काँग्रेसचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालणारी मंडळीही ‘पण मराठी काय सुरेख बोलतात’ असे म्हणून थोडी विरघळत. हे सारे गोड आहे, पण माझ्या मते पुरेसे नाही. उद्या पंतप्रधान अगदी परक्या मुलखातला, आपली भाषा न जाणणारा आणि वर आपल्याला न पटणाऱ्या पक्षाचा असला, तर मग काय? आपली सदिच्छा ‘आपला माणूस’ पाहूनच उघडणार असेल, तर ती नातलगाला केलेल्या आहेराहून फारशी वेगळी नाही.

माझे काका समाजवादी वळणाचे. आणीबाणीनंतर काँग्रेसला मत देणे त्यांनी पाप मानले होते. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरलेली, आणि त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे जवळजवळ ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी रवाना झालेले. शेजारचे वकीलसाहेब, जे हाडाचे काँग्रेसवाले होते, त्यांना काका म्हणाले, “वकीलसाहेब, तुमचं सरकार उद्या पडलं तर मी पेढे वाटीन. पण तोवर त्याचा हिशेब चुकू नये. सोनं तुमच्या पक्षाचं नाही गेलं.”

वकीलसाहेबांना यातले कौतुक ऐकू आले नाही. पेढे तेवढे ऐकू आले.

काकांचा विरोध काही लुटुपुटीचा नव्हता. नव्या आर्थिक धोरणाविरुद्ध ते सभांतून बोलत, वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष आय.डी.पी.एल., आल्विन अशा सरकारी कारखान्यांत होते. त्या कारखान्यांचे पुढे काय झाले, ते हैदराबादकरांस सांगावयास नको. तेव्हा सत्ताधाऱ्याचे यश हे प्रत्येक वेळी प्रत्येकाचे यश असते, असे मी म्हणणार नाही. जे धोरण घातक वाटते ते अमलात येण्यापूर्वीच अडवावे, त्यासाठी जिवाचे रान करावे. परंतु ते अडविणे वेगळे आणि ते फसून लोकांचे वाटोळे व्हावे म्हणून वाट पाहत बसणे वेगळे. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील मशीद वाचविण्यात नरसिंह रावांचे सरकार अपयशी ठरले. त्या अपयशाचा राजकीय नफा-तोटा कोणाच्याही खाती पडो, संचारबंदी हैदराबादेतही लागली, आणि तिने कोणत्या घरात कोणत्या पक्षाचे मत आहे हे विचारले नाही.

शाळेत मला हे रोज दिसते. २०२२ साली तेलंगणात एका सरकारने ‘मन ऊरु मन बडी’ नावाने शाळादुरुस्तीची योजना काढली; २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदलले आणि पुढच्या वर्षी ‘अम्मा आदर्श पाठशाला’ समित्या आल्या. दोन्ही वेळा मला असे सद्गृहस्थ भेटले की, शाळेतल्या नळाला पाणी न आल्यास त्यांना मनोमन बरे वाटावे. निवडणुकीत सांगावयास मुद्दा झाला! मुलींना मात्र स्वच्छतागृहात पाणी हवे असते. मुख्याध्यापकाला दोन्ही सरकारांचा नळ वाहावा असेच वाटते, मग त्याने मत कोणालाही दिलेले असो.

आपल्या संसदेने १९७७ साली कायदा करून विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन देऊ केले. विरोध हीदेखील राज्याची चाकरी आहे, असाच त्याचा अर्थ मी घेतो. १९९४ साली जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगात काश्मीरच्या प्रश्नावर पाकिस्तानने ठराव आणला, तेव्हा नरसिंह रावांनी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपविले. वाजपेयी गेले, आणि पाकिस्तानला तो ठराव मागे घ्यावा लागला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत पराभूत अध्यक्ष थोरले बुश यांनी, ज्याने आपल्याला हरविले त्या क्लिंटन यांच्यासाठी, तुमचे यश ते देशाचे यश, अशा आशयाची चिठ्ठी टेबलावर ठेवून पद सोडले होते.

जिनिव्हाहून परतल्यावर वाजपेयींनी सरकारवर टीका करणे सोडले नाही. रामारावांनीही नंद्याळची भलाई कायमची गळ्यात बांधून घेतली नाही. १९९४ च्या अखेरीस आंध्रात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्यांनी काँग्रेसला पंतप्रधानांच्याच राज्यात धूळ चारली: २९४ पैकी २१६ जागा तेलुगू देसमला, काँग्रेसला अवघ्या २६. काका सकाळीच जाऊन सायकलीवर शिक्का मारून आले, आणि दुपारी वकीलसाहेबांच्या ओसरीवर, परकीय चलनाची गंगाजळी आता कितीवर गेली, याची चौकशी करीत बसले.