चारीपर्यंतचा हिशोब

चि. छकुलीस,


चाऱ्यांचे हेक्टर मिळवणारं, क्लोजर या भाषेत लिहिलेलं तुझं फंक्शन वाचलं. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण, त्याचं पाणी प्रवरेतून संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावर येतं, तिथून डावा आणि उजवा कालवा, पुढे वितरिका, मग चाऱ्या. ही उतरंड तू मॅपच्या पोटात मॅप ठेवून मांडलीस, झकास! पण तुझं फंक्शन एकाच दमात खाली उतरतं, चारी ओळखतं आणि हेक्टरही मिळवतं. उद्या कुणी नुसती चाऱ्यांची नावं मागितली, तर सगळं परत लिहिणार का?

उतरायचं काम क्लोजरच्या ट्री-सेक या फंक्शनकडे दे. फाटे आहेत का, असतील तर कोणते आणि मूळ कोणतं, एवढंच त्याला लागतं. क्लोजरमध्ये कीवर्डच फंक्शनसारखा चालतो, म्हणून:

(->> (ट्री-सेक :फाटे :फाटे ओझर)
     (रिमूव्ह (कॉम्प सेक :फाटे))
     (मॅप :हेक्टर)
     (रिड्यूस +))

मधलं ते सेक गाळू नकोस. क्लोजरला खोटे फक्त निल आणि फॉल्स. रिकामा व्हेक्टर खराच. सेक नसेल आणि एखाद्या चारीला तू रिकामे फाटे लिहिले असशील, तर ती हिशोबातून गळेल आणि एररसुद्धा येणार नाही.

स्टॅक फुटेल या धास्तीने लूप-रीकरच्या नादी लागू नकोस. जेव्हीएमवर क्लोजर शेवटच्या कॉलचा स्टॅक आपोआप वाचवत नाही, हे खरं. पण आपली उतरंड चार-पाच पायऱ्यांची! शिवाय जिथे एकाला अनेक फाटे, तिथे रीकर सरळ बसत नाही. बाकी राहिलेल्यांची यादी स्वतः सांभाळत बसावं लागतं.

पाणी किती सोडायचं, हे तुझं दुसरं फंक्शन मात्र वेगळं. तिथे चाऱ्यांची मागणी मिळवायची, वाटेतला झिरपा धरायचा, तेव्हा वितरिकेची मागणी निघते. मग तसंच कालव्याचं. वरच्याला खालच्यांची उत्तरं आधी हवीत, आणि ट्री-सेक वरच्यालाच आधी पुढे करतं. तिथे साधं रिकर्शनच बरं, मला तरी ते वाचायलाही सोपं वाटतं. त्याची मोडतोड करू नकोस. फक्त गळतीचा एकच आकडा आत ठोकून दिलायस, तो काढ आणि प्रत्येक फाट्याच्या मॅपमधून घे. अस्तरीकरण झालेली वितरिका आणि मातीची चारी सारखं पाणी पीत नाहीत.

तुझा,
मामा