जयगडच्या दिव्याखालून

दरवर्षी ऑगस्टमध्ये जगभरचे हॅम रेडिओचे शौकीन दीपगृहांतून एकमेकांशी बोलतात. यंदा परवानगी काढून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला गेलो. १९३२ सालचा हा बिडाचा मनोरा. पायथ्याशी तार ताणून ७ मेगाहर्ट्झवर आम्ही आमचं संकेतनाव पुकारत राहिलो. दुपारभर नुसती खरखर. समुद्राकडे, पश्चिमेला तोंड करून अस्रची नमाज पढलो आणि पुन्हा बसलो; तेव्हा केरळमधून उत्तर आलं.

आमचे दादा खलाशी होते. परतताना हा दिवा दिसला की त्यांना घर आल्यासारखं वाटे. घरी मात्र कुणाला पत्ता नसे. रात्री दादींना सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तेव्हा असं काही असतं, तर चूल विझवली नसती.”