उष्टा घास

भाषेतील काही शब्द शास्त्राच्या आधी जन्मलेले असतात, आणि शास्त्राला त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचावयास कित्येक शतके लागतात. 'दाताला कीड लागली' हा असाच एक प्रयोग. इंग्रजाचा दात कुजतो. त्यात दुसऱ्या कोणाचा हात असल्याचे त्याची भाषा सुचवीत नाही. आपला दात मात्र कोणीतरी खातो. माझ्या लहानपणी शिरूरच्या बाजारात ही कीड काढून देणारी एक बाई बसत असे. ती रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकी, रोग्याच्या तोंडात नळीने धुरी सोडी आणि थोड्या वेळाने पाण्याच्या वाटीत बारीक पांढरे किडे दाखवी. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांचे अंकुर होत, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. पण बाईची लबाडी खोटी ठरली तरी भाषेचे म्हणणे खोटे ठरले नाही. दात खाणारा कोणी सजीव आहे, इतके तिला अचूक समजले होते. तो अळीसारखा वळवळतो, एवढीच तिची कल्पना चुकली.

हा सजीव ओळखीचा होण्याची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात हिंडणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहिले. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिन येथे संशोधन करून १८९० साली असे प्रतिपादिले की, तोंडातील जंतू शर्करेपासून आम्ल बनवितात व ते आम्ल दात विरघळविते. पुढे १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क याने किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जंतू वेगळा काढला. तो कधी वाटोळा तर कधी लांबट दिसे, म्हणून त्याचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स', म्हणजे रूप बदलणारा. दात किडविणारा हा एकटाच नव्हे. त्याचे सोबती पुष्कळ आहेत. परंतु तान्ह्या मुलांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी सर्वांत अधिक पाठलाग केला तो याचाच.

नवजात बालकाचे तोंड म्हणजे जवळजवळ निर्जन प्रदेश असतो. थोड्याच तासांत तेथे वस्ती होऊ लागते, पण ते पहिले रहिवासी बहुधा निरुपद्रवी असतात. म्यूटन्सला मऊ हिरड्यांवर नीट पाय रोवता येत नाही; त्याला कठीण जमीन लागते, आणि ती सहाव्या-आठव्या महिन्यात खालच्या दोन दातांच्या रूपाने वर येते. १९९३ साली कॉफिल्ड या अमेरिकन संशोधकाने आपल्या पाहणीतील बहुतेक मुलांत हा जंतू १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान स्थिर झाल्याचे दाखविले. त्यानंतरच्या अधिक सूक्ष्म तपासण्यांत तो काही मुलांच्या तोंडात दात येण्यापूर्वीही सापडला आहे. हा पाहुणा येतो कोठून? जंतूंच्या वंशखुणा जुळवून पाहिल्या तेव्हा, १९९५ च्या एका अभ्यासात, शंभरांपैकी सुमारे सत्तर बालकांच्या तोंडातील जात त्यांच्या आईच्या तोंडातील जातीशी तंतोतंत जुळली. मुलींत हे साम्य मुलांपेक्षाही अधिक आढळले. आजीकडून आईला आणि आईकडून लेकीला पाटल्या जाव्यात तसाच हाही एक ऐवज जात असतो म्हणावयाचा!

येथे आमच्या संस्कृतीतील एक गमतीची विसंगती माझ्या ध्यानात येते. उष्ट्याचा विटाळ जितका आपण मानतो तितका दुसरे कोणी क्वचितच मानीत असेल. दुसऱ्याच्या पेल्याला आपण ओठ लावीत नाही. पाणी वरून पितो. परंतु मूल प्रथम अन्न खाते त्या मंगल विधीला आपण नाव कोणते दिले आहे? 'उष्टावण'! आईने फुंकर घालून निववलेला भात, जिभेला लावून पाहिलेले दूध, अर्धा दाताने तोडून दिलेला बोराचा तुकडा, आणि मग मुलाच्या ताटलीत उरलेले आईने संपविणे. या देवघेवीत उष्टे हा शब्दच लटका पडतो. जंतूला प्रवासासाठी याहून उत्तम रस्ता कोणी बांधून दिला असता?

आता हा विषय मला सुचला तो केवळ वाचनाने नव्हे. माझी मुलगी दौंडला असते. गेल्या दिवाळीनंतर ती आपल्या एकोणीस महिन्यांच्या मुलीला घेऊन शिरूरला आली, ती रडवेली होऊनच. नातीच्या वरच्या पुढल्या दातांवर, हिरडीच्या कडेला, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटली होती. एका दंतवैद्याने ती कीड लागण्याची पहिली खूण असल्याचे सांगितले, ते योग्यच होते. परंतु त्याने पुढे असेही बजावले की, मुलीचा मुका घेऊ नका, तिच्या वाटीला कोणाचा चमचा लागू देऊ नका. हे तुमच्याच तोंडातून तिच्या तोंडात गेले आहे. शेवटचे वाक्य शास्त्रदृष्ट्या बहुतांशी खरे. पण तरुण आईच्या मनावर ते आरोपपत्रासारखे बसले.

माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. पणतीला भाकरीचा तुकडा चावून मऊ करून भरविणे हा तिचा हक्क. तो माझ्या मुलीने चाचरत नाकारला, तेव्हा म्हातारी काही वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "अगं, तुझ्या बापालासुद्धा मी असंच भरवलं. तेव्हा तुमचे हे जंतू कुठं गेले होते?"

"आजी, बाबांच्या तोंडात स्वतःचे दात किती उरलेत, ते विचारा की त्यांना," मुलगी म्हणाली.

मी विषय बदलला. पण दोन दिवस घरात जेवणाच्या वेळी एक अवघडलेपण राहिले. आई मुलीपासून दूर बसू लागली. मूल हात पुढे करी आणि ती पदराआड तोंड फिरवी. ते पाहून मला वाटले की, एका जंतूचा प्रवास थांबविण्यासाठी आपण फार मोठी किंमत मोजीत आहो, आणि ती किंमत योग्य ठिकाणी तरी पडते की नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

जे हाती लागले त्यावरून माझे मत असे झाले आहे. घास चावून देणे बंद करण्यात शहाणपण आहे. त्याने मुलाचे काही नुकसान होत नाही. परंतु जंतू तोंडात येणे आणि दात किडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाच घरात राहणाऱ्या माणसांची लाळ एकमेकांपर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. बोलण्यातूनही ती उडते. जपानमधील मौखिक आरोग्याच्या विद्वत्सभेने तर २०२३ साली पालकांना उद्देशून सांगितले की, भांडी वेगळी ठेवल्याने मुलांचे दात वाचतात याला पुरेसा आधार नाही. साखर कमी करा आणि दात घासा. साखर नसेल तर म्यूटन्स हा गरीब भाडेकरू आहे. साखर मिळाली की तो तिचे आम्ल करतो, तिचाच चिकट लेप करून त्याखाली घर बांधतो, आणि तोंडाची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताचे वरचे कवच विरघळू लागते. लाळ हे नुकसान अर्ध्या-पाऊण तासात भरून काढू पाहते. पण तोवर दुसरा गोड घोट आला तर ती बिचारी काय करणार? शिवाय झोपेत लाळ फारच थोडी सुटते. म्हणून रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपलेल्या मुलाचे वरचे पुढले दात आधी जातात. माझ्या नातीचे नेमके तेच चालले होते.

आणि आम्ही राहतो कोठे? घोडनदीच्या काठी शिरूर, भीमेच्या काठी दौंड. या दोन तालुक्यांत पाटाचे पाणी आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. न्हावऱ्यास व पाटसला साखर कारखाने झाले. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे इतकी की, हंगामात रस्त्याने जाताना काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास मैलभर सोबत करतो. पाहुणा आला की आम्ही त्याच्यापुढे गूळ ठेवतो. बारशाला साखर, पायाळू मूल चालू लागले की साखर, रडले की बोटाला साखर. बाळगुटीसुद्धा कडू लागू नये म्हणून गोड केलेली. नुकत्याच जन्मलेल्याच्या जिभेला मध लावण्याची चाल तर आजचे वैद्य स्पष्ट निषिद्ध मानतात, आणि त्याचे कारण दातांपेक्षा गंभीर आहे.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती कशी व कितीदा खाल्ली याला महत्त्व आहे, हे स्वीडनमधील विपेहोल्म येथील प्रयोगांनी सिद्ध केले. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तेथील मतिमंद रुग्णांना चिकट टॉफी मुद्दाम खाऊ घालण्यात आली. जेवणाबरोबरच्या साखरेने फारसे बिघडले नाही. दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या टॉफीने दात भराभर किडले. ज्यांना होय-नाही म्हणता येत नव्हते अशांच्या दातांवर मिळविलेले हे ज्ञान आहे, हे विसरून ते वापरणे मला प्रशस्त वाटत नाही. पण ते न वापरणेही बरे नव्हे.

या उसाच्या मुलखात सर्वांत वाईट स्थिती साखर पिकविणाऱ्यांच्या मुलांची नव्हे, ती तोडणाऱ्यांच्या मुलांची. दसरा उलटला की बीड-नगरकडून कोयते येतात. नवरा-बायको पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि तान्हे मूल पाचटावर, मोठ्या बहिणीच्या हवाली. त्या सात-आठ वर्षांच्या पोरीने रडणाऱ्या भावाला शांत कसे करावे? कांड्याचा रस, गोड चहा, पाच रुपयांचे बिस्किट. त्या आईला कोणी 'मुका घेऊ नका' असे सांगितले, तर ती काय उत्तर देईल ते मला कळते. दुधाचे दात पडावयाचेच आहेत, असे आपण म्हणतो. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात, आणि ठणकणाऱ्या दाढेचे मूल जेवत नाही, झोपत नाही. अंगणवाडीत त्याचे वजन कमी भरते आणि पाहणारा पोटाचे औषध देतो.

एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही. स्वीडनमध्येच, १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तोंडात हे जंतू फार असलेल्या नव्या मातांचे स्वतःचे दात आधी साफ केले, भरले, त्यांची काळजी घेतली; तेव्हा त्यांच्या मुलांत जंतू कमी प्रमाणात आले. म्हणजे मुलाच्या दाताचा वैद्य प्रथम आईच्या तोंडात पाहावयास हवा. आपल्या घरांत मात्र शेवटी जेवणारी आई दातांच्या बाबतीतही शेवटचीच असते. माझ्या मुलीची डावीकडची दाढ गरोदरपणातच ठणकत होती. "आधी बाळंतपण होऊ दे," असे दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी सांगितले. मग बाळ लहान म्हणून राहिले. मग दौंडला सोबत कोण येणार म्हणून राहिले. मुका न घेण्याचा हुकूम देणाऱ्यानेही तिला तोंड उघडावयास सांगितले नव्हते.

त्या आठवड्यात तिच्या तीन दाढा भरून घेतल्या. नातीची रात्रीची बाटली बंद केली. दोन रात्री सगळे घर जागले, तिसऱ्या रात्री ती पाणी पिऊन झोपली. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून तिचे दात सकाळ-संध्याकाळ घासण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअर शिकविण्यापेक्षा कठीण आहे. आईची समजूत मुलीनेच काढली. म्हातारी आता भात चावून देत नाही. हात स्वच्छ धुऊन, वरण घालून तो बोटांनी कुस्करते. काकवी मात्र तिने सोडली नाही. "जेवताना चालते ना? मग जेवतानाच देईन," असे म्हणून तिने पणतीला मांडीवर घेतले आणि पोळीचा पहिला तुकडा काकवीत बुडविला.