भुकेनंतरची पंगत

ख्रिस्ती धर्मविचाराने दुःखाविषयीची दोन सोपी उत्तरे नाकारली आहेत. दुःख ही पापाची शिक्षा, हे पहिले. ईयोबाच्या पुस्तकात गुरेढोरे आणि मुलेबाळे गमावून, अंगभर गळवे घेऊन राखेत बसलेल्या माणसाला त्याचे मित्र हेच ऐकवतात. आणि अखेरीस देव रागावतो तो मित्रांवर. दुःख ही पुण्याची कमाई, हे दुसरे. गेथशेमाने बागेत खुद्द येशू समोरचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो. यातनांची हौस त्याच्या ठायी कुठेच दिसत नाही. ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवली की उरते ती पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातली वाट. संकट माणसाला सोशिक बनवते, सोसता सोसता स्वभावाचा कस लागतो आणि कसाला उतरलेल्या स्वभावात आशा रुजते, असा तिचा क्रम आहे.

क्रम कागदावर सरळ दिसतो. जगताना तसा नसतो. ज्याने फार सोसले तो शहाणा होतोच असे नाही. पुष्कळदा तो कडवट होतो, हिशेबी होतो, दार लावून घेतो. संकटाने माणूस वाढला की नुसताच झिजला, हे ओळखण्याची खूण त्याच्या अश्रूंत सापडत नाही. ती त्याच्या घरात सापडते: नंतर त्या घरी कोण जेवायला बसले, यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या महाराष्ट्रात, दुष्काळ, प्लेग आणि बहिष्कार यांच्या काळात, ही खूण दोन मराठी स्त्रियांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना विद्वानांचा रोष पत्करावा लागला. त्या आईनेच पुढे रमेला शिकवले. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी फिरे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा दक्षिणा आटली. मजुरी करायला विद्वत्तेचा अभिमान आड आला आणि भीक मागायला जीभ रेटेना. शेवटचे दागिने आणि भांडी विकून झाल्यावर रानातला पाला खाऊन दिवस निघाले. आधी वडील गेले, मग काही महिन्यांत आई आणि थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि कसेबसे मिळालेले दोन ब्राह्मण यांच्याबरोबर चौथ्या कोपऱ्याला रमा उभी राहिली. तिची उंची कमी. तिरडी खांद्यावर तोलेना, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत नेला.

या मुलीला त्या वेळी ख्रिस्ताची ओळख नव्हती. हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण अशा आयुष्यांच्या भक्तिपर कथनांत संकट आणि श्रद्धा एकामागोमाग लगेच येतात. रमाबाईंच्या बाबतीत मध्ये कित्येक वर्षे गेली. 1878 साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जातीबाहेर लग्न केले. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. चोविशीच्या आतच आईबाप, बहीण, भाऊ आणि पती यांच्यापैकी कोणीही उरले नाही. कडेवरच्या मुलीला घेऊन ती पुण्यात आली, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची व वैद्यकीय उपचारांची बाजू मांडली.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. हेतू वैद्यकी शिकण्याचा होता. पण कान अधू होत चालल्याने तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात मुक्काम असताना त्यांनी लंडनमध्ये त्याच पंथाच्या जोगिणी चालवत असलेले एक घर पाहिले. समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि जोगिणी त्यांची मायेने सेवा करत होत्या. अशा बायकांना कोणी जवळ करते, हेच त्यांना नवे होते. हे बळ येते कुठून, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट पुढे आली: विहिरीवर भर दुपारी आलेली, लोकांनी टाकलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यामुळे त्यांचे वाद मिटले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चच्या अधिकाराला द्यायची आज्ञाधारकता यांवरून आपल्या धर्ममातेशी त्यांचा पत्रव्यवहार तिखट होत राहिला. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढून दुसऱ्याचे घालून घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा शाकाहारही सुटला नाही. आपण आधी बुद्धीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ख्रिस्त स्वतः भेटला तो बऱ्याच वर्षांनी, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले. त्यांची श्रद्धा एका रात्रीत उगवलेली नव्हती. ती घासाघीस करत, प्रश्न विचारत वाढली.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. पण रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळीही उघडे असे आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये गहजब झाला, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पालकांनी कित्येक मुली घरी नेल्या. ज्या पुण्याने आधी डोक्यावर घेतले होते, त्याच पुण्यात त्यांच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्याकडेला मरत असल्याच्या बातम्या येत होत्या. या बातम्यांचा अर्थ रमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाला चावताना जिभेला कसे लागते, हे त्यांना ठाऊक होते. त्या तिकडे गेल्या, मदत छावण्यांतून फिरल्या आणि उघड्यावर पडलेल्या, कुणाच्याही हाती लागू शकणाऱ्या मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगच्या धास्तीने त्यांना ठेवून घेणे शक्य नव्हते, तेव्हा दौंडजवळच्या केडगावला, उत्पन्नासाठी घेतलेल्या शेतावर त्यांना नेले. इथे ‘मुक्ती’ उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना जेवू घालणे हे मुक्तीचे पहिले धर्मकार्य होते, आणि ते नुसत्या प्रार्थनेने होत नव्हते. विहिरी खणल्या, झाडे लावली, दुभती जनावरे पाळली. मुली विणकाम, तेल गाळणे आणि छापखान्यातले खिळे जुळवणे शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींना ब्रेलमधून वाचता येऊ लागले. ताटावर बसताना कोण कुठल्या जातीची, हे विचारायचे नाही, असा इथला दंडक पडत गेला. पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल सरकारला जाहीर जाब विचारायलाही रमाबाई कचरल्या नाहीत. क्षमाशील होणे म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही.

उत्तरायुष्यात कान जवळजवळ निकामी झाले. त्या काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम धरले. खेड्यातल्या बाईला, मुक्तीत नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलीला ते कळावे, हा कटाक्ष होता. 1921 मध्ये मनोरमा गेली. आईचा उजवा हात तुटला. भाषांतर थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा काम तडीला गेलेले होते.

लक्ष्मीबाईंची वाट अगदी वेगळी. 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या या मुलीचे आजोबा 1857 च्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले. घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अकराव्या वर्षी लग्न झाले ते कवी नारायण वामन टिळकांशी: उदार, लहरी, न सांगता घर सोडून जाणारा माणूस. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत असून त्या एकट्या झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. याच ताटातुटीत त्यांना कविता सुचू लागली.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण चूल आणि पाणी वेगळे ठेवून. त्यांचे परिवर्तन वादविवादात झाले नाही. जात देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हे एकदा मनाला लख्ख पटले आणि त्यांनी सोवळे उतरवून ठेवले. बाप्तिस्मा नंतरचा, 1900 चा. मीठ धुणाऱ्या घरातली लेक दुष्काळातल्या पोरक्या पोरांना आपल्या स्वयंपाकघरात जेवू घालू लागली. 1919 मध्ये टिळक गेल्यावर वसतिगृहात देखरेखीची नोकरी करून त्यांनी पोट भरले. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, बेताचेच शिक्षण झालेल्या या बाईंनी पुढे नेले. 1934 पासून निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा सगळा संसार हसत सांगितला. तक्रारीचे शेकडो प्रसंग असताना त्यांच्या लेखणीला किल्मिष लागले नाही; स्वतःच्या फजितीवर त्या सर्वांत मोकळेपणी हसतात.

दोघींच्या स्वभावांत साम्य थोडे. रमाबाई लढवय्या, लक्ष्मीबाई मिस्कील; एकीने संस्था उभारली, दुसरीने घर मोठे केले. तरी दोघींच्या बाबतीत पौलाचा क्रम एकाच ठिकाणी खरा ठरतो. भूक, वैधव्य, ताटातूट यांनी त्यांना काही शिकवले असे म्हणण्यापेक्षा, या गोष्टी पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नयेत याची जबाबदारी त्यांच्या श्रद्धेने त्यांच्यावर टाकली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. म्हणून त्यांच्या चरित्रांतून दुःखाची थोरवी गाता येत नाही. दुष्काळ चांगला नव्हता. बालविवाह, बहिष्कार आणि सोवळे तर माणसांनीच निर्माण केले होते. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला कृपा म्हणतात, ती या गोष्टींना बरे ठरवत नाही. ती पोळलेल्या माणसाला दुसऱ्याची होरपळ ओळखण्याची नजर देते आणि त्या ओळखीला कामाला लावते.

केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते.