भाताच्या ओलीवरचा मसूर

माझं माहेर निपाणीजवळचं, वेदगंगेच्या काठचं. तंबाखूच्या रानांत ऊस कसा शिरला, ते मी लहानपणापासून बघत आले. रात्री-अपरात्री लाइट आली की वडील मोटार सुरू करायला मळ्याकडे जायचे. सासर मिळालं बेळगावजवळ येळ्ळूरला. इथे भाताची सुगी आटोपली की त्याच रानात मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात मी सासूबाईंना विचारलं, "ह्याला पाणी कधी पाजायचं?"

"ह्याला कुठलं पाणी? भाताच्या वलीवरच येतंय ते."

मसूर फुलावर आला तेव्हा त्यांनी एक रोप मुळासकट उपटून माझ्या हातात दिलं. मुळांना मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखाने एक फोडली, तर आत गुलाबी. या गाठींमधले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात, आणि आतला गुलाबी रंग म्हणजे त्यांचं काम चालू असल्याची खूण. युरिया तयार करायला नैसर्गिक वायू खर्ची पडतो. शेतात टाकल्यावर त्यातल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून अधिक उष्णता कोंडतो. मसुराला हे विकतचं खत फारसं लागतच नाही.

तेव्हापासून घरातला स्वयंपाक मी शिवाराकडे बघून ठरवू लागले. आमच्याकडे दुपारी भात असतो, कारण तो आमच्या रानातला आहे. पण पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन हा उष्णता कोंडणारा वायू निघतो, हेही खरं. म्हणून रात्री शाळूची भाकरी आणि मसुराची उसळ. ज्वारीचं पीक साधारण 450 ते 650 मिलिमीटर पाण्यात निघतं. उसाला 1500 ते 2500 लागतं. शिवाय शाळूचा कडबा जनावरांच्या दावणीला पडतो. साखर घालून केलेला कुंदा आम्हालाही आवडतो, पण तो सणासुदीला. रोजच्या चहातली साखर मात्र निम्म्यावर आणली. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा होतो. अन्न उकिरड्यावर गेलं, तर त्याच्यासाठी उपसलेलं पाणीही वाया जातं आणि कुजताना पुन्हा मिथेन निघतो.

बाजारात कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा मसूरही मिळतो. तो जहाजाने येतो म्हणून वाईट, असं मी म्हणणार नाही. बहुतेक अन्नाच्या बाबतीत वाहतुकीपेक्षा ते पिकवताना होणारं प्रदूषण जास्त असतं. माझी काळजी वेगळी आहे. इथल्या मसुराला गिऱ्हाईक राहिलं नाही, तर भातानंतर ही रानं पडीक राहतील, नाहीतर तिथे प्लॉट पडतील. एकदा प्लॉट पडले की ती ओल आणि ती माती परत मिळत नाही.

शेतकऱ्याने काय पेरावं, हे साखर कारखाना आणि बाजारभाव ठरवतात, असं आपण म्हणतो. पण त्या बाजारात आपणही उभे असतो. म्हणून बेळगाव-निपाणीच्या माझ्या आयाबहिणींना एवढंच सांगणं आहे: या आठवड्याच्या बाजारात मसूर घेताना, "बेळगावी आहे का?" असं विचारा आणि असेल तर तोच घ्या. आपण विकत घेतलं, तरच शेतकरी पुढच्या सुगीनंतर पेरणार आहे.