समुद्रकाठचे दहा गुंठे

आमच्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू आहे, पण ती उन्हाळ्यात वाळूची असते. लहानपणी आम्हाला समुद्र कळला तो अब्बांच्या तोंडून. मरहूम अब्बा 1986 साली मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्या काळी जहाजं जात. 1995 नंतर ती बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. अब्बा परत आल्यावर मक्का-मदिनेइतकंच समुद्राबद्दल बोलत. फजरच्या वेळी डेकवर उभं राहिलं की चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि आपण हिंगोलीत दोन घागरींसाठी भांडतो, असं ते म्हणत. तेव्हापासून आमच्या घरात समुद्र हा एक अधुरा राहिलेला विषय होता.

आम्ही दोघं पंचेचाळिशीच्या पुढे-मागे आहोत. एकाची नोकरी शाळेत, एकाची घरात. दोन वर्षांपूर्वी औंढा रस्त्याकडचे दोन एकर विकले. अकरा लाख रुपये एकराने बावीस लाख आले. मुलांच्या शिक्षणाची सोय वेगळी झालेली होती. म्हटलं, आता अब्बांचा समुद्र घेऊ. कोकणात एखादी छोटी जागा, जुनं घर, चार माड. निवृत्तीनंतर वर्षातले तीन-चार महिने तिथे राहू.

एका एजंटने मोबाइलवर फोटो पाठवले. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव, दहा गुंठे, चिऱ्याचं जुनं घर, पुढे पडवी, मागे वाडी. भाव वीस लाख. आजूबाजूला मुस्लिम वस्ती, मशीद पाच मिनिटांवर. गावाचं नाव आम्ही इथे मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांना तिथेच राहायचं आहे. फोटो पाहून आम्ही इतके हरखलो की जागा न पाहताच पन्नास हजार रुपये इसार पाठवून दिला. शाळेत मुलांना सांगतो, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. स्वतः मात्र प्रश्नच वाचला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. परभणीहून रात्रीच्या गाडीने पनवेल, तिथून एसटीने दापोली. दुसऱ्या दिवशी गावात पोहोचलो. समुद्र अब्बांनी सांगितला होता तसाच होता. आम्ही बराच वेळ नुसते उभे राहिलो. जवळच्या हर्णै बंदरात संध्याकाळी माशांचा लिलाव पाहिला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आमच्या धाकट्याला तर परत यायचंच नव्हतं.

गाव मात्र अर्धं बंद होतं. घरामागून घर, दारांना कुलपं, अंगणात पाचोळा. कोकणातला मुस्लिम माणूस पिढ्यान्‌पिढ्या परदेशी गेलेला. आधी जहाजांवर खलाशी म्हणून, मग दक्षिण आफ्रिकेत, मग आखातात. रमजान ईदला किंवा लग्नसराईला घरं उघडतात आणि पुन्हा मिटतात. वाडीत काही पोफळी अजून मुळासकट आडव्या होत्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने एका दुपारीत दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या बागा झोपवल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्यांचं वय गेलं त्यांनी पुन्हा लावल्या नाहीत. एजंट म्हणाला, "पडलेलं सगळं साफ करून देतो सर. बंगला बांधा मस्त, समुद्र अगदी समोर."

दापोलीत एका वकीलसाहेबांकडे कागद दाखवले. ते शांत माणूस. पहिल्यांदा त्यांनी नकाशावर भरतीची रेषा दाखवली. किनारा नियमन क्षेत्राचे नियम 1991 पासून आहेत, 2011 आणि 2019 साली ते बदलले. विरळ वस्तीच्या गावांत भरती रेषेपासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. आधीचं अधिकृत घर असेल तर त्याची दुरुस्ती करता येते. म्हणजे चिऱ्याचं घर राहील, बंगला होणार नाही. हे आम्हाला चाललं. आम्हाला घरच हवं होतं.

दुसरं त्यांनी सांगितलं ते असं. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात खरेदीदार स्वतः शेतकरी लागतो. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पण शेतकरी राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातला चालतो. आम्ही खूश झालो. हिंगोलीचा सातबारा, आठ-अ, फेरफार सगळं सोबत आणलेलं होतं. ते टेबलावर ठेवलं. त्यांनी त्याच्या शेजारी विकणाऱ्यांचा सातबारा ठेवला.

विकणाऱ्यांच्या सातबारावर चार भावांची नावं होती. वकीलसाहेबांनी जुना फेरफार मागवला होता. वडील वारले तेव्हा वारस म्हणून चार मुलगेच लागले होते. त्यांनी विचारलं, "यांना बहिणी नव्हत्या?" एजंट पटकन म्हणाला, "होत्या दोन. त्यांनी सोडून दिलंय." वकीलसाहेब म्हणाले, "कुठे सोडलंय, कागद दाखवा." कागद नव्हता.

त्या दोन बहिणींपैकी एक, आम्ही जे घर घेणार होतो त्याच्याच शेजारच्या खोलीत राहत होती. हे आम्हाला संध्याकाळी कळलं. सत्तरीच्या बाई. नवरा आखातात असतानाच गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी परतल्या. भावांनी गड्यासाठीची खोली दिली होती. आम्ही त्यांना खाला म्हटलं. त्यांनी चहा दिला. त्यांची कोकणी बोली आम्हाला निम्मी कळत होती, पण हे पूर्ण कळलं. आम्ही विचारलं, "खाला, तुमचा हिस्सा तुम्ही माफ केला का?" त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही, तर माफ काय करू?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "मागितला असता तर ही खोलीही मिळाली नसती." मग आम्ही घर घेतल्यावर विहिरीचं पाणी त्यांना भरू देणार ना, एवढंच त्यांनी विचारलं.

आम्ही लॉजवर परत आलो. रागावलो होतो. असे कसे हे भाऊ, पाच वक्त नमाज पढणारे, आणि सख्ख्या बहिणीला गड्याच्या खोलीत ठेवतात. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. वीतभर जमीन नाहक घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा तौक पडेल ही हदीस आम्ही लहानपणी मदरशात ऐकलेली. आम्ही एकमेकांना हे सगळं सांगत होतो. मग पिशवीतून कागद काढून सारखे लावताना आमचाच फेरफार वर आला.

2009 सालचा. अब्बा 2008 मध्ये गेले. अम्मी त्याआधीच गेल्या होत्या. वारस तिघं, एक मुलगा आणि दोन मुली. सहा एकर जमीन. फेरफारात लिहिलेलं होतं की नोंदणीकृत हक्कसोड पत्राने दोन्ही बहिणींची नावं कमी केली.

आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. आमच्याकडे कागद होता, त्या भावांकडे नव्हता, एवढाच फरक. तो दिवस आम्हाला चांगला आठवतो. मोठी आपा नांदेडहून आली होती, छोटी आपा उमरखेडहून. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मोठ्या आपाने विचारलं होतं, "हे कशावर सही आहे?" आणि आम्ही म्हटलं होतं, "घरातलं घरात, नुसता कागद आहे." दुपारी घरी बिर्याणी होती. जाताना दोघींना एकेक साडी दिली. साड्या आम्ही दोघांनी बाजारात जाऊन निवडल्या होत्या.

आमचे एक मौलानासाहेब म्हणतात, बहिणीने समजून-उमजून, राजीखुशीने हिस्सा सोडला तर तो सोडला. कायदाही तेच म्हणतो. आपण नेहमी इथेच थांबतो. पण हिस्सा आधी हातात द्यावा, किती एकर, किती रुपये ते सांगावं, आणि मग ती म्हणाली नको, तर ती राजीखुशी. माहेरचं दार बंद होईल या भीतीने केलेली सही राजीखुशीची कशी होईल? आमच्या आपांना किती सोडतोय हेही सांगितलं नव्हतं.

हिशेब अवघड नव्हता. सहावीच्या मुलांना आम्ही याहून अवघड अपूर्णांक देतो. एका मुलाचे दोन भाग, दोन मुलींचा एकेक, एकूण चार. निम्मं आमचं, पाव-पाव त्यांचं. सहा एकरांतले तीन एकर आमचे नव्हतेच. बावीस लाखांतले अकरा लाखही आमचे नव्हते. ज्या सातबाराच्या जोरावर आम्ही कोकणात शेतकरी म्हणून उभे होतो, तो बहिणींची नावं वगळून झालेला होता.

घरी आल्यावर आधी मोठ्या आपाला फोन केला. सगळं सांगितलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आता कशाला रे? जाऊ दे." आम्हाला, खरं सांगायचं तर, क्षणभर हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. म्हणाली, "नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी गेल्या महिन्यात पाटल्या मोडल्या. तेव्हा तुम्हाला मागावं असं मनात आलं होतं. पण कुठल्या तोंडाने मागू? सही तर करून बसले होते." चौदा वर्षांत ती एकदाही असं बोलली नव्हती. दर ईदला मुलांना ईदी देऊन जायची.

छोटी आपा वेगळी. ती रागावली. म्हणाली, "तुम्हाला कोकणात जाऊन कळलं? मला तर त्याच दिवशी कळलं होतं. मी सही केली कारण आपा करत होती." तिला पैसे नको होते. "माझं नाव सातबारावर लावा. अब्बांच्या नावाखाली माझं नाव दिसलं पाहिजे," असं तिचं म्हणणं.

मग घरात बसून ठरवलं. या वेळी बिर्याणी नव्हती, वही-पेन होतं. मोठ्या आपाला विकलेल्या जमिनीतले साडेपाच लाख आणि उरलेल्या चार एकरांतला एक एकर. छोट्या आपाला तिच्या मर्जीप्रमाणे पैशाऐवजी पूर्ण दीड एकर, हळदीचा, विहिरीकडचा. आमच्या नावे दीड एकर राहिलं. हक्कसोड झालेली असल्याने नुसत्या अर्जावर नावं परत लागत नाहीत. म्हणून रीतसर बक्षीसपत्र करून नोंदवलं आणि फेरफार घ्यायला दिला. मोजणीचा खर्च, नोंदणीचा खर्च झाला. मोठे दाजी आजही म्हणतात की चौदा वर्षांच्या पिकाचा हिशेब कुठे आहे. ते चूक म्हणत नाहीत. तो हिशेब आम्ही हळूहळू चुकता करणार आहोत, इन्शाअल्लाह.

कोकणातल्या भावांना आम्ही निरोप दिला, आधी दोन्ही बहिणींची वारस नोंद करा, त्यांच्याही सह्या खरेदीखतावर घ्या, मग बोलू. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. इसाराचे पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत, आणि येतील असं वाटत नाही. तसंही आता वीस लाखांची जागा घेण्याची आमची ऐपत राहिलेली नाही. खालांना विहिरीचं पाणी कोण भरू देतंय, हा विचार मात्र मनातून जात नाही. वकीलसाहेबांनी त्यांना तहसीलदारांकडे वारस नोंदीचा अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवली होती. त्यांनी अंगठा द्यायला नकार दिला. त्यांच्या जागी आम्ही असतो तर दिला असता का, कोण जाणे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यातले कितीतरी लोक आज गावाकडची जमीन विकून शहरात फ्लॅट, नाहीतर दूर कुठे प्लॉट घेत आहेत. घ्यायला हरकत नाही. विकणाऱ्याचा सातबारा तर तपासाच, तीस वर्षांचा शोध घ्या, जुने फेरफार काढा, भरतीची रेषा कुठे येते ते विचारा. जागा न पाहता इसार देऊ नका. पण ते करण्याआधी एकदा आपल्या घरचा सातबारा काढून जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचा. वाचताना बहिणींची नावं शोधा.

मागच्या आठवड्यात फेरफार मंजूर झाला. नवा सातबारा काढून छोट्या आपाला मोबाइलवर पाठवला. तिने सांगितलं, मोबाइलवरचा नको, कागद पाठवा. आम्ही एसटीच्या पार्सलने पाठवला. रात्री तिचा फोन आला. गट नंबर तोंडपाठ केला होता. अब्बांच्या नावाला कंस असतो, माझ्या नावाला नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.