ट्रॅक्सचा आवाज

आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला पत्र्याची मांडणी होती. पहाटे पाचला आबा अंगणात ट्रॅक्स चालू करायचे, तेव्हा मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. आधी हीटर लावून थोडं थांबायचं, मग स्टार्टर, मग मिनिट-दोन मिनिटं खडखड, आणि इंजिन गरम झालं की तो खालचा, जड, संथ आवाज. ताटल्या वाजायच्या त्या शेवटच्या आवाजाला. मी अंथरुणातून ऐकायचो. आजही डोळे मिटले की तो ऐकू येतो.

गाडी १९९६ची. कळे गावाच्या थोडं पुढे आमचं घर, आणि आबा कोल्हापुरातल्या रंकाळा स्टँडपासून गगनबावड्यापर्यंत वडाप करायचे. मागं बारा, पुढं तीन, मधे जमतील तेवढी. पुण्याच्या बजाज टेम्पोने बनवलेल्या या गाडीचं इंजिन मूळचं मर्सिडीजचं, ओएम ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो नाही. जर्मनीत मर्सिडीज २४० डी या मोटारीत हेच इंजिन होतं आणि तिथं टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. म्हणजे आबांनी आणि त्यांनी एकाच कुळातल्या इंजिनावर घर चालवलं. मला याचा अभिमान वाटतो.

२००९ साली आबांनी वडाप बंद केलं आणि गाडी घरच्या वापराला राहिली. २०१६ला सायलेन्सर गंजून तळातून सुटला. दुकानात मिळाला तो पातळ पत्र्याचा डबा आम्ही बसवला आणि गाडीचा आवाजच गेला. म्हणजे आवाज येत होता, पण पोकळ, रिकाम्या तेलाच्या डब्यावर काठी मारल्यासारखा.

मला जुना आवाज परत हवा होता, आणि तेव्हा माझी समजूत अशी की आवाज पाइपमध्ये असतो. एका गॅरेजात मी डबा कापून काढला आणि सरळ दोन इंची पाइप मागपर्यंत नेला. "पिकअप पण वाढंल," असं तिथं सांगितलं गेलं. कारूळ घाट मी आधी ज्या गिअरमध्ये चढत होतो त्याच गिअरमध्ये नंतरही चढलो. आवाज मात्र वाढला, आणि जो हवा होता तो आलाच नाही. उभ्या गाडीत कोरडी फडफड. ताशी साठच्या आसपास गेलं की केबिनमध्ये एक घुमारा धरायचा, कानात दडा बसावा तसा. अर्ध्या तासात डोकं दुखायचं. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, ती गाडीत झोपेनाशी झाली. शेजारच्या काकू हृदयविकारातून नुकत्याच उठलेल्या. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेने आईला येऊन सांगितलं की पहाटे गाडी चालू झाली की त्या दचकून उठून बसतात. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो, हे मी नंतर वाचलं; मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंडही आहे. पण माझ्यापुरता निकाल काकूंच्या दारातच लागला होता.

मग मी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सोबत आबा होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पण आबा गाडीच्या मागे गेले, खाली बसले आणि धुराड्याच्या तोंडासमोर तळहात धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "ठोके सारखे न्हाईत. एक उपाशी हाय."

तिथं मला पहिल्यांदा नीट समजलं की डिझेलचा आवाज दोन जागी तयार होतो. खडखड होते ती सिलिंडरात. डिझेल आत फवारल्यावर पेटायला क्षणभर उशीर लागतो. तेवढ्यात साचलेलं इंधन एकदम पेटतं आणि दाब झटक्याने चढतो. इंजिन थंड असताना हा उशीर जास्त, म्हणून पहाटेची खडखडही जास्त. ती ब्लॉकमधून थेट बाहेर येते, पाइप कापून तिच्यात काही फरक पडत नाही. ओएम ६१६मध्ये डिझेल आधी छोट्या कोठीत पेटतं आणि मग सिलिंडरात उतरतं, त्यामुळे त्याचा मूळ आवाज मऊ असतो. मागून येतात ते ठोके. चार सिलिंडरांत इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन. आयडलला मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला २५ ठोके. आमच्या ताटल्या त्याच थरथरीला वाजत होत्या. आणि ठोके असमान असतील तर कुठलाही सायलेन्सर त्यांना गोड करू शकत नाही.

डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे चारही नोझल तपासले. तिसरा बाकीच्यांपेक्षा कमी दाबाला उघडत होता आणि फवाऱ्याऐवजी थेंब सोडत होता. चारही नवे टाकले. टॅपेट थंड इंजिनावर धरले, इनलेट ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ०.३०. मॅनिफोल्डचं पॅकिंगही फुंकत होतं, ते बदललं. इतकं झाल्यावर त्या सरळ पाइपातूनही आवाज निम्मा सुधारला होता, आणि सायलेन्सरला अजून हातही लागला नव्हता.

डब्याबाबत मिस्त्रींचा हिशोब साधा होता: डब्याचं पोट इंजिनाच्या निदान पाचपट हवं. म्हणजे बारा लिटर. दुकानातला डबा आम्ही पाणी ओतून मोजला, तर पाचच भरलं. मिस्त्रींनी जाड पत्र्याचा नवा वळवला, आत दोन पडदे आणि भोकांची नळी.

राहिला घुमारा. गाडीला फेरे दाखवणारा काटा नाही. मी फोनवर आवाजाची कंप्रता दाखवणारं ॲप घेतलं आणि बायको चालवत असताना मागच्या सीटवर बसून मोजलं. घुमाऱ्याच्या वेळी उंच रेघ ७० हर्ट्‌झवर यायची. म्हणजे २१०० फेरे. यावर उपाय असतो तो बंद नळीचा: मुख्य पाइपला फाटा काढायचा, त्याचं दुसरं टोक बंद. लाट आत जाऊन परतते आणि नेमकी उलटी येऊन मूळ लाटेला मारते. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाइतकी लागते. मागच्या पाइपातल्या तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटर धरला तर दीड मीटर, म्हणजे पाच फूट. मिस्त्री हिशोबाच्या कागदाकडे बघत राहिले. "पाच फूट पाइप, आणि कशाला जोडायचा न्हाई?" मी हो म्हणालो. त्यांनी आणखी काही न विचारता चेसिसच्या कडेने नळी वळवून लावली, आणि तळाला बारीक भोक स्वतःहून ठेवलं. बंद नळीत वाफेचं पाणी साचून ती आतून गंजते, हे माझ्या कागदावर नव्हतं.

परतताना साठला घुमारा आला नाही. पन्हाळ्याच्या बाजूला ढग होते, काचा खाली होत्या, आणि आबा आणि मी नेहमीच्या आवाजात बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी चालू केली. नव्या घरात मांडणी नाही, ताटल्या बंद ट्रॉलीत असतात. इंजिन गरम होईपर्यंत आबा ओसरीवर उभे होते. मग मागे गेले, खाली बसले, तळहात धरला. काही बोलले नाहीत. उठून हात धोतराला पुसला, मला ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरायला सांगितलं आणि एकटेच कळ्यापर्यंत जाऊन आले. काकूंच्या घरातला दिवा तोवर लागला नव्हता.